आज एवढं पुरे

पुणे
५ सप्टेंबर २००६

आत्या,

पाया पडते. फोन केला नाही, कारण तुझा फोन किराणा दुकानात वाजतो आणि तू मळ्यातून येईपर्यंत निम्मं गाव "कोण बोलतंय" म्हणून विचारून घेतं. मला जे सांगायचं आहे ते फक्त तुला सांगायचं आहे.

गौरीजेवणाला मी एकलहऱ्याला गेले आणि न जेवताच परत फिरले, हे तुझ्या कानावर आलं असेल. का, ते आप्पांनी सांगितलं नसणार. त्यांच्या विजेच्या प्लांटमधला कुणीतरी पुण्याला आमच्या हॉटेलात आला होता. त्याने कॉलनीत जाऊन सांगितलं की कारभारीची पोरगी बारमध्ये कामाला आहे. गेल्या वर्षी सरकारने डान्सबार बंद केले तेव्हा टीव्हीवर तोंडाला ओढणी गुंडाळलेल्या मुली रोज दाखवायचे. आप्पांच्या डोळ्यांसमोर त्याच आल्या असणार. मी उंबऱ्यात बॅग ठेवली तेवढ्यात म्हणाले, "तिथंच थांब. कुठं नाचतेस तू?" मी सांगायला तोंड उघडलं तर आतल्या खोलीत गेले आणि कडी लावून घेतली. मी दाराबाहेरून बोलत राहिले. शेजारच्या बायका जिन्यात उभ्या होत्या. मग निघाले.

आत्या, मी नाचत नाही. पण जे करते तेही तुला रुचणारं नाही, म्हणून दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत मीच सांगते. इतके दिवस मी हॉटेलात जेवण वाढायचं काम करत होते, ते तुम्हाला माहीत आहे. जूनपासून मला बारच्या काउंटरमागे घेतलं. मी कॉकटेल बनवते. म्हणजे दारूत फळांचा रस, साखरेचा पाक, लिंबू असं मापाने घालायचं, बर्फाबरोबर भांड्यात जोरात हलवायचं, गाळायचं आणि गिऱ्हाइकापुढे ठेवायचं. पावसाळ्यात मी जांभळाचा रस आणि काळं मीठ घालून एक केलं, तर लोक तेच मागायला लागले. मला हे काम येतं. आणि आवडतं, तेही लपवत नाही.

आई गेल्यावर तू मला मळ्यावर आणलंस, दहावीपर्यंत स्वतःच्या पोटच्या पोरीसारखं ठेवलंस. गोटीराममामांचं पिणं आणि तुझं सोसणं मी त्याच घरात पाहिलं. ते गेल्यावर तू बायकांना गोळा केलंस, गावात मतदान लावून आडवी बाटली निवडून आणलीस, दारूचं दुकान बंद पाडलंस, तेव्हा मी इथल्या मैत्रिणींना अभिमानाने सांगत होते. आणि आज मी काउंटरच्या त्या बाजूला उभी आहे.

तू काय बोलायचं ते बोल. फक्त गप्प बसू नकोस. गप्प बसायला आप्पा आहेत.

तुझी तेजल


वरचा मळा
घटस्थापना, २००६

तेजू,

डोक्यावर हात ठेवते. तो आधी घे, मग पुढचं वाच.

तुझं पत्र पोस्टमननं शेवंतीच्या वाफ्यात आणून दिलं. हाताला चिखल होता तरी बांधावर बसून वाचलं. मग घडी करून पोलक्यात ठेवलं आणि उत्तर लिहायला घट बसायची वाट पाहिली. आज घरात दिवा हाय, म्हणून खोटं लिहिता येणार नाय.

तू नाचत नाय हे मला सांगायची गरज नव्हती. कारभारी रागावला की त्याचे कान बंद होतात, लहानपणापासून तसाच हाय माझा भाऊ. पण पोरी, तू नाचत असती तरी मला एवढं लागलं नसतं. नाचणारी कुणाला कॅनॉलात ढकलत नाय.

तुझ्या मामाचं तू लय पाहिलंस, पण शेवटचा दिवस पाहिला नाय. तू नाशकाला कॉलेजात होती. फुलं विकून तो दुपारीच दुकानात जाऊन बसला. संध्याकाळपर्यंत त्याला गिलास धरता येईना, तर दुकानदारानं आपल्या हातानं त्याच्या तोंडाला लावला. हसत होता म्हणे. तिथं बसलेल्या माणसांनीच मला हे मागाहून सांगितलं. "कुसाबाई, नवऱ्याला घेऊन जा" असा निरोप मात्र एकानंही धाडला नाय. तिथून तो कॅनॉलच्या कडेकडेनं निघाला, आणि सकाळी सापडला.

मला दारूचा राग हाय. पण तिच्यापेक्षा त्या हाताचा जास्ती हाय. बाटली आपली आपण कुणाच्या तोंडाला जात नाय. आता तू लिहितेस की तो हात तुझा. मी काय म्हणू?

नोकरी सोड म्हणते. एवढ्या मोठ्या हॉटेलात दुसरं काम नसतं का? नाय सोडली तर मला त्या कामाचं लिहू नको. जेवली का, झोपली का, पाऊस कसा हाय, ते लिही. तेवढं वाचायला मी बसलेली हाय.

आमच्या मंडळाच्या बायका आता आजूबाजूच्या गावांत मतदानासाठी फिरतात. चिमणाबाई पुढं असते, मी तिच्या मागं. तुझं मी कुणाला सांगितलं नाय, सांगणार नाय.

आत्या


पुणे
१० डिसेंबर २००६

आत्या,

दिवाळीच्या आधी एक आणि नंतर एक, अशी दोन पत्रं मी तू म्हणालीस तशीच लिहिली. जेवण, झोप, खोलीवरच्या मुली. तू रव्याचे लाडू पाठवलेस आणि लाडवांबद्दल लिहिलंस. पण ती पत्रं पेटीत टाकताना मला वाटायचं, मी कुणा ओळखीच्या बाईला लिहितेय, माझ्या आत्याला नाही. म्हणून आज तुझं सांगणं मोडते. नको वाटलं तर इथेच घडी घालून ठेव.

आमच्या बारचे मोठे राजसर म्हणून आहेत. त्यांनी सुरुवातीला कितीतरी दिवस मला बाटलीला हातच लावू दिला नाही. नुसता बर्फ फोडायचा आणि लिंबं पिळायची. लिंबू जास्त दाबलं की सालीचा कडवटपणा उतरतो, आणि बर्फ पाणचट असला की सगळंच पाणचट होतं. मी कंटाळून विचारलं, "सर, हे किती दिवस?" तर म्हणाले, "ज्याला लिंबू कधी सोडायचं ते कळतं, त्याला बाकीचं शिकवता येतं."

गेल्या महिन्यात मी स्वतःचं एक पेय तयार केलं. हिरवी द्राक्षं हलकेच चेचायची, गवती चहाचा पाक करून घालायचा, लिंबू, पांढरी रम, आणि वर बोटांनी चुरगाळलेलं गवती चहाचं एक पातं. एक वकीलबाई नेहमी येतात. त्यांनी एक घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "हे कुणाच्या घरचं आहे?" मी सांगितलं, "माझ्या आत्याच्या मळ्यातलं." दारूसुद्धा तिथली आहे असं त्यांना वाटायला नको, म्हणून द्राक्षं आणि गवती चहापुरतंच, हेही सांगितलं.

आता खरी गोष्ट. फेब्रुवारीत नाशकात गंगापूर रस्त्याच्या मैदानावर मोठा मेळा आहे. द्राक्षं, वाईन, खाण्याचे पन्नास प्रकार, गाणीबजावणी. आणि मुंबई-पुण्याच्या हॉटेलांतल्या कॉकटेल करणाऱ्यांची स्पर्धा. आमच्या हॉटेलातून राजसरांनी माझं नाव दिलंय. जो जिंकेल त्याला सिंगापूरला शिकायला पाठवणार आहेत. स्टेजवर नाव पुकारतात, आपण जायचं, परीक्षकांसमोर पेय करून दाखवायचं.

माझ्या जिल्ह्यात मी पहिल्यांदाच अशी चार लोकांसमोर उभी राहणार आहे. आप्पांना दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. तू येशील का? पिणं तर सोडच, माझ्याशी बोलूसुद्धा नकोस हवं तर. नुसती कुठंतरी उभी राहा.

तेजल


वरचा मळा
संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, २००७

तेजू,

तिळगूळ पाठवला हाय, गोड लागला तर गोड बोल.

यंदा थंडी लय हाय. पहाटे गुलाबावर दव नाय, बर्फच बसतो म्हण. कळ्या काळ्या पडतात. शेकोटी करून धूर सोडतो, पण धुरानं किती भागणार. कारभारीचं ब्लडप्रेशर वाढलं होतं, आता गोळी चालू हाय. तू लिहिलेली पत्रं त्यानं टीव्हीखालच्या कप्प्यात ठेवलेली मी पाहिली. फोडलेली हायेत. म्हणजे वाचली. उत्तर लिहायला त्याला अजून वेळ लागंल.

तुझ्या मेळ्याचं वाचलं. येईन असं सांगत नाय. तोडणीची कामं असतात. तरी कुठल्या वारी हाय ते कळव. आणि आत जायला किती दारं हायेत, लोक जास्ती कुठल्या दारानं जातात, ते पण लिही. तुम्ही लोक किती वाजता येणार, ते पण.

काळजी घे. स्वेटर घालत जा.

आत्या


पुणे
२५ जानेवारी २००७

आत्या,

तुझं पत्र मी खोलीवरच्या मुलींना मोठ्याने वाचून दाखवलं. दारं किती, हे विचारणारी माझी आत्या. गर्दीत चुकायची एवढी भीती वाटते का तुला?

रविवारी, ११ तारखेला. दारं दोन आहेत. रस्त्याकडचं मोठं, सगळे तिथूनच जातात. आम्ही हॉटेलच्या गाडीने अकराच्या सुमाराला येऊ. आमचा तंबू आत गेल्यावर डाव्या हाताला, मिसळीच्या स्टॉलशेजारी. स्पर्धा संध्याकाळी. सोबत पास पाठवते, तो दाखवला की तिकीट लागत नाही.

आप्पांनी पत्रं फोडली हे तू सांगितलंस, ते वाचून मी त्या दिवशी दोन वेळा जेवले.

येशील हे मला आता पक्कं माहीत आहे. सांगत नाहीस, तुझी सवयच ती.

तेजू


पुणे
१४ फेब्रुवारी २००७

आत्या,

तू आलीस.

गाडी मोठ्या दारापाशी वळली तेव्हा बायका रस्त्यातच बसलेल्या दिसल्या. ड्रायव्हर म्हणाला, "हे मेळा बंद करा म्हणणारे." मी काचेतून बघत होते, पुढच्या रांगेत चिमणाबाई, आणि तिच्या शेजारी मांडीवर फलक घेऊन तू. "आमची घरं बुडवून तुमचा मेळा." तुझं अक्षर मी ओळखते, 'घ' तू अजून तसाच काढतेस. पोलिसांनी गाडीला वाट करून दिली. मी खाली उतरले, काळा कोट, गळ्यात हॉटेलचं ओळखपत्र. तू माझ्याकडे पाहिलंस आणि मान खाली घातलीस.

वार, वेळ, दारं. मी सगळं लिहून दिलं होतं तुला. खूश होऊन दिलं होतं.

तू बसलीस याचा राग नाही. बसायचा तुला हक्क आहे, माझ्यापेक्षा जास्त आहे. पण एक ओळ लिहायची होतीस. "तेजू, मी येणार हाय, पण दारात बसायला." मी आधी रडून घेतलं असतं आणि मग आले असते. आप्पांनी निदान दार माझ्या तोंडावर लावलं. तू उघडं ठेवून मला त्यातून जायला लावलंस.

दिवसभर कामात लक्ष नव्हतं. स्पर्धेचं विचारशील तर काही झालं नाही. माझं नाव पुकारलं तेव्हा मी जागेवर नव्हते. तंबूत जरा गोंधळ झाला होता, त्यात वेळ हुकली. राजसर रागावलेत. सिंगापूरला मुंबईचा एक मुलगा चाललाय.

मी आता काही दिवस पत्र लिहिणार नाही. तुझी तब्येत सांभाळ.

तेजल


वरचा मळा
होळीच्या आदल्या दिवशी, २००७

तेजू,

तू लिहिणार नाय म्हणालीस, मग मीच लिहिते. हे पत्र लांब होणार हाय. चहा घेऊन बस.

वार-वेळ मी मंडळासाठीच विचारली होती, हे खरं. बायकांनी ठरवलं होतं, आणि मला नाय म्हणता आलं नाय. तुला कळवायचं म्हणून कागद पुढं घेतला होता. काय लिहायचं ते सुचंना. लिहिलं तर तू येणार नाय, नाय लिहिलं तर तू दुखावणार. मी न लिहिणं निवडलं. तुझ्या बापाची बहीण ना मी.

तू गाडीतून उतरली तेव्हा मी मान खाली घातली, ती तुझ्या लाजेनं नाय. माझ्या मांडीवरचा फलक तू वाचत होती, तो मला झाकता येईना.

आता जे तुला माहीत नाय ते सांगते. दुपारी उन्हं चढली, बायका टेम्पोपाशी भाकरी खायला गेल्या. तू पाठवलेला पास माझ्या पिशवीत होता. चिमणाबाईला म्हणलं, "पाय मोकळे करून येते." आणि मी आत गेले.

आत जत्राच होती. द्राक्षांचे घोस टांगलेले, मिसळीला रांग, पोरं रंगीत बर्फाचे गोळे खातायत. एका बाजूला चांगले कपडे घातलेले लोक काचेच्या प्याल्यात नाक घालून उभे. वास घेतायत, पीत नायत. मला वाटलं नासली की काय. मग डाव्या हाताला तुझा तंबू दिसला. मी मिसळीवाल्याच्या कनातीआड उभी राहिले. तिथून तू दिसत होती, तुला मी दिसत नव्हते.

लय वेळ उभी होते. तू ते चांदीसारखं भांडं खांद्यावर धरून हलवत होती. कामात लक्ष नव्हतं असं तू लिहितेस, मला तसं दिसलं नाय. मला दिसलं की तू प्रत्येकाच्या तोंडाकडं बघून बोलतेस. एका म्हाताऱ्याला तू सांगितलंस, "काका, आधी काहीतरी खाऊन या, मग देते." तो खरंच भजी घेऊन आला.

मग तो निळ्या कोटातला माणूस आला. त्याच्यासोबत बायको होती आणि बारकी पोरगी, तिच्या हातात गुलाबी बुढ्ढीके बाल. माणूस आधीच भरपूर प्यालेला, तंबूच्या बांबूला धरून उभा. म्हणाला, "अजून एक."

तू म्हणालीस, "साहेब, आज एवढं पुरे."

"मी फुकट मागतोय का?"

"नाही साहेब. पण आज एवढंच."

त्यानं तुला शिवी दिली. कुठली ते लिहीत नाय. तुझ्या मामाच्या तोंडात पण तीच असायची. तू मागं सरली नाय, आवाज चढवला नाय. तेवढ्यात भोंग्यावर तुझं नाव आलं. तेजल कारभारी, स्टेजवर या. मला ऐकू आलं, म्हणजे तुला पण आलंच. तुमचे ते राजसर धावत आले, म्हणाले, "तेजल, चल, नाव पुकारलंय. याला सोड, गार्ड बघतील."

तू म्हणालीस, "सर, गार्ड त्याला गेटबाहेर सोडतील. गेटबाहेर त्याची गाडी आहे."

आणि तू काउंटरमागून बाहेर आली. त्याला खुर्चीत बसवलंस, पाणी दिलंस. पोरगी कितवीत, शाळा कुठली, असलं काहीबाही विचारत राहिलीस. तो आधी हिडीसफिडीस करत होता, मग पोरीचं सांगायला लागला, मग रडायला लागला. भोंग्यावर पुन्हा तुझं नाव आलं. तू एकदा स्टेजकडं पाहिलंस. मला वाटलं आता जाशील. तू हात पुढं केलास आणि म्हणालीस, "साहेब, किल्ली द्या. आमचा ड्रायव्हर तुम्हाला घरी सोडेल." आणि त्यानं दिली. त्याच्या बायकोनं तुझा हात धरला तो सोडंना. तिसऱ्या वेळी भोंग्यावर दुसऱ्याचं नाव होतं.

तेजू, मी दारू पाजणाऱ्या हाताबद्दल तुला लिहिलं होतं. ते मी मागं घेते. तुझ्यापुरतं घेते, बाकी कुणापुरतं नाय. मंडळाच्या कामाला मी अजून जाते, पुढं पण जाणार. चिमणाबाईला मी हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "एक पोरगी चांगली निघाली म्हणून मेळा चांगला होत नाय." मी म्हणलं, "मी कुठं म्हणते, होतो म्हणून." पण त्या दिवशी त्या दुकानात एक जण असता, "गोटीराम, आज एवढं पुरे" म्हणणारा, तर माझा माणूस घरी आला असता. शिव्या देत आला असता, पण आला असता.

तू तंबूच्या मागं जाऊन बर्फाच्या खोक्यावर बसली आणि रडली, ते पण मी पाहिलं. मी तुझ्याकडं येतच होते. पण पदराला मंडळाची फीत लावलेली होती. ती बघून तुला वाटलं असतं, आणखी सुनवायला आली. ती काढायला गेले तर टाचणी निघंना. बोटात घुसली. तोवर तुला कुणीतरी हाक मारली आणि तू डोळे पुसून निघून गेली. ते माझ्या मनाला लागून राहिलं. म्हणून परवा एस.टी. धरली आणि एकलहऱ्याला गेले.

कारभारीला सगळं सांगितलं. तो टीव्हीकडं बघत बसला होता. मी बोलत राहिले, तो बघत राहिला. मी म्हणलं, ह्याचे कान अजून बंद हायेत, उठले आणि स्वयंपाकाला लागले. ताटं वाढली. पहिला घास हातात घेऊन तो म्हणाला, "किल्ली काढून घेतली?"

मी म्हणलं, "हो."

"त्यानं दिली?"

"दिली."

मग जेवला. झोपताना टीव्हीखालचा कप्पा उघडल्याचा आवाज आला.

आत्या


पुणे
१२ मार्च २००७

आत्या,

तुझं पत्र मी बारच्या सामानाच्या खोलीत, सोड्याच्या क्रेटवर बसून वाचलं. दोनदा मला बोलवायला आले, मी दार उघडलं नाही.

एक सांगते, कारण तू माझ्याबद्दल चांगलं लिहिलंस त्यात माझं नसलेलंही थोडं आहे. मला तेव्हा मामांची आठवण झाली नाही. त्या माणसाला कुणीतरी वाचवावं असंही डोक्यात नव्हतं. त्याने शिवी दिली तेव्हा मला त्याला हाकलूनच द्यायचं होतं. पण ती मुलगी माझ्याकडे बघत होती, आणि ती गाडीत कुठे बसणार, पुढे की मागे, एवढंच माझ्या मनात घोळत राहिलं. बाकी जे केलं ते आम्हाला शिकवतात, कुणाला कधी थांबवायचं आणि कसं. सगळे करतात असं नाही, पण शिकवतात.

दुसऱ्यांदा नाव आलं तेव्हा मी स्टेजकडे पाहिलं, ते तू बरोबर पाहिलंस. सिंगापूरचं मला वाईट वाटतं. खोटं सांगत नाही. अजून रात्रपाळीनंतर बूट काढताना वाटतं. राजसर आठवडाभर रागावले होते. परवा मला म्हणाले, "मी तुझ्या जागी असतो तर गेलो असतो स्टेजवर. आणि मग झोपलो नसतो." पुढच्या वर्षी परत माझं नाव देणार आहेत म्हणे. बघू.

आणि आत्या, फीत लावून आली असतीस तरी चाललं असतं. टाचणी टोचलेलं बोट कसं आहे ते कळव. दारात बसत जा, तुला बसायलाच हवं. मी आत असले तर एवढंच कर, उठताना हाक मार. मी येऊन तुला उठायला हात देईन. तुझे गुडघे दुखतात, मला माहीत आहे.

मे महिन्यात मला चार दिवस सुट्टी आहे. मळ्यावर येते. कामाचं बोलणार नाही असं वचन देत नाही.

तुझीच
तेजू


एकलहरे, शक्तिनगर वसाहत
६ एप्रिल २००७

चि. तेजल,

तुझी आधीची दोन आणि नंतरची दोन, चारही पत्रं मिळाली. मला पत्र लिहिण्याची सवय नाही, म्हणून थोडक्यात लिहितो.

कुसाबाई येऊन गेली. तिने मेळ्यातला प्रकार सांगितला. मी बॉयलरवर नोकरी करणारा माणूस आहे. प्रेशर वाढलं की काय करायचं ते आम्हाला शिकवतात, पण वेळेला करणारे थोडे असतात, हे मला माहीत आहे. तुझी आई असती तर तिने हे तुला माझ्याआधी लिहिलं असतं.

गौरीला मी तुला जे विचारलं ते विचारायला नको होतं. जिन्यातल्या बायकांना मी सांगितलं आहे की तू काय काम करतेस. शब्द मला नीट येत नव्हता, म्हणून एका कागदावर लिहून घेतला होता. त्यांनी आणखी विचारलं तर मला पुढचं माहीत नाही. ते तू सांगावंस.

या महिन्याच्या शेवटी मला रजा आहे. पुण्यास यावं असा विचार आहे. सकाळच्या गाडीने निघून दुपारी पोहोचेन. तुझी ड्युटी असेल तर मी हॉटेलातच येऊन बसेन, तुझं काम संपेपर्यंत. मला चहा दिलास तरी पुरे.

एवढं कळव की तुमच्या तिथे आत यायला चप्पल चालते का. मोठी हॉटेलं चालू देत नाहीत असं ऐकतो. माझ्याकडे प्लांटचे बूट आहेत, ते मी पॉलिश करून घेतले आहेत. पण ते टाचेला लोखंडी आहेत आणि फरशीवर वाजतात. तुला तिथे अवघड वाटणार असेल तर नवे घेतो.

आप्पा